जलपरिचालकांचे शिक्षण आणि प्रमाणपत्र : ऑन्टॅरिओ प्रांतातील अनुभव (१९८७–२००४)

१. विषयप्रवेश

सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या इतिहासात धरणे, जलवाहिन्या, गाळण्या आणि पंप यांचे वर्णन विस्ताराने येते. परंतु ही सारी यंत्रणा ज्याच्या हाती रोज सोपविलेली असते त्या माणसाचा उल्लेख क्वचितच आढळतो. अभियंता केंद्र उभारून निघून जातो, रसायनशास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेत असतो आणि वैद्याची गाठ रोग झाल्यावर पडते. पाऊस असो वा थंडी, विहिरीवर जाऊन पाण्यात औषध किती पडते हे पाहणारा, नमुना बाटलीत भरणारा आणि वहीत आकडा लिहिणारा मनुष्य तो परिचालक होय. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातही हेच काम उलट टोकाने चालते. या मनुष्याने काय शिकावे, त्याला कोणी शिकवावे आणि तो शिकला आहे हे कशावरून ठरवावे, हे प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतात. वस्तुतः त्यांच्या उत्तरावर संपूर्ण नगराचे आरोग्य अवलंबून असते.

या प्रश्नांचा विचार करण्यास कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. सामान्य कर्मचाऱ्याच्या शिक्षणाची कागदपत्रे फारशी मागे राहत नाहीत, परंतु इ. स. २००० मध्ये वॉकर्टन या गावी जो अनर्थ घडला त्याच्या न्यायालयीन चौकशीत परिचालकांचे ज्ञान, त्यांच्या कामाच्या रीती आणि त्यांना मिळालेली प्रमाणपत्रे यांची शपथेवर छाननी झाली. त्यामुळे एरवी अंधारात राहणारा हा विषय तेथे प्रकाशात आला. दीर्घ अनुभव हा शिक्षणाची जागा घेऊ शकतो काय, हा त्या चौकशीतून निघणारा मुख्य प्रश्न असून प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार केला आहे.

२. परिचालकाच्या कामाचे बदललेले स्वरूप

एकोणिसाव्या शतकात पाणीपुरवठ्यावरील नोकराचे काम मुख्यतः यांत्रिक होते. बाष्पयंत्र चालू ठेवणे, झडपा उघडणे व मिटणे, नळ फुटल्यास तो जोडणे, ही त्याची कर्तव्ये असत. ती पाहून पाहून शिकता येत आणि चूक झाल्यास ती डोळ्यांना दिसत असे. पंप बंद पडला तर नळाचे पाणी थांबते, आणि लोक तक्रार घेऊन येतात.

इ. स. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी या नगराच्या बूंटन येथील जलाशयाच्या पाण्यात क्लोरीनयुक्त चुन्याची पूड नियमितपणे मिसळण्यास आरंभ झाला. डॉ. जॉन लील यांची ही योजना होती आणि तिची यंत्ररचना जॉर्ज फुलर व जॉर्ज जॉन्सन यांच्या साहाय्याने सिद्ध झाली. पुढे दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, टोरोंटो नगराने क्लोरीनचा अवलंब केला. या एका सुधारणेने विषमज्वरादी रोगांना मोठा आळा बसला हे प्रसिद्धच आहे. तिचा दुसरा परिणाम मात्र फारसा ध्यानात घेतला गेला नाही. परिचालकाच्या कामात आता अशी एक गोष्ट शिरली की जिच्यातील चूक डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीन कमी पडले तरी पाणी तसेच स्वच्छ दिसते, तसेच वाहते; किंबहुना त्याची चव अधिक चांगली लागते. चुकीचा पुरावा मिळतो तो काही दिवसांनी आणि तोही रुग्णालयात.

ज्या कामातील चूक दिसत नाही ते काम केवळ सवयीने शिकता येत नाही. त्याचे कारण समजून घ्यावे लागते. ही गोष्ट काही शासनांनी लवकरच ओळखली. न्यू जर्सी राज्याने १९१८ मध्ये पाणी व मलजल शुद्धिकेंद्रांच्या परिचालकांना परवाना आवश्यक ठरविला. अन्य राज्यांतूनही त्याच सुमारास अल्प मुदतीचे वर्ग भरू लागले. तथापि परवान्याचा हा प्रघात सर्वत्र सावकाशच पसरला आणि बहुतेक ठिकाणी तो दीर्घकाळ ऐच्छिक राहिला.

३. ऑन्टॅरिओतील प्रमाणपत्राची पद्धती

ऑन्टॅरिओमध्ये १९५६ साली प्रांतिक जलसंपत्ती आयोग अस्तित्वात आला. त्याने नगरपालिकांना शुद्धिकेंद्रे उभारण्यास साहाय्य केले आणि परिचालकांसाठी प्राथमिक व मध्यम प्रतीचे वर्गही चालविले. १९७२ मध्ये हे कार्य नव्याने स्थापन झालेल्या पर्यावरण मंत्रालयाकडे गेले. अशा रीतीने शिक्षणाची सोय काही प्रमाणात उपलब्ध होती. परंतु ती घेतलीच पाहिजे असे बंधन नव्हते.

१९८७ मध्ये प्रांताने परिचालकांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्राची योजना सुरू केली आणि १९९३ च्या नियमान्वये प्रमाणपत्र सक्तीचे केले. वर्षाला ४० तासांचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे असेही त्या नियमात घातले होते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. परंतु तिच्यात दोन छिद्रे होती.

पहिले छिद्र असे की, जे परिचालक पूर्वीपासून नोकरीत होते त्यांना केवळ अनुभवाच्या आधारावर प्रमाणपत्र मिळविण्याची मुभा ठेवण्यात आली. त्यांना वर्गात बसावे लागले नाही व परीक्षाही द्यावी लागली नाही. अशी सवलत देण्यामागे व्यावहारिक कारणे असतात. वीस वर्षे केंद्र सांभाळणाऱ्या मनुष्यास परीक्षेच्या मेजापाशी बसविणे हा त्याचा अपमान वाटू शकतो; तो अनुत्तीर्ण झाला तर लहान गावाला दुसरा मनुष्य मिळत नाही; आणि सक्ती एकाएकी लादली तर नियमालाच विरोध होतो. ही सवलत ऑन्टॅरिओपुरतीच नव्हती. अमेरिकेच्या संघीय पर्यावरण संस्थेने १९९९ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांतही जुन्या परिचालकांसाठी अशी तरतूद होती. मात्र असे प्रमाणपत्र त्या विशिष्ट केंद्रापुरतेच चालेल व दुसरीकडे नेता येणार नाही, अशी मर्यादा तेथे घातलेली होती.

दुसरे छिद्र शब्दाच्या अर्थात होते. 'प्रशिक्षण' म्हणजे काय याची स्पष्ट व्याख्या नियमात नव्हती. त्यामुळे कोणते तास प्रशिक्षणाचे म्हणून धरावेत हे ज्याच्या त्याच्या समजुतीवर राहिले. पिण्याच्या पाण्यातील रोगजंतू आणि त्यांपासून होणारे धोके हा विषय या तासांत आलाच पाहिजे असेही बंधन नव्हते.

४. वॉकर्टन येथील घटना

वॉकर्टन हे ब्रूस परगण्यातील सुमारे ४,८०० वस्तीचे गाव. त्याला तीन विहिरींतून पाणी मिळे आणि ती व्यवस्था स्थानिक लोकोपयोगी सेवा मंडळाकडे होती. मंडळाचा व्यवस्थापक १९७२ मध्ये नोकरीस लागला आणि १९८८ मध्ये त्या पदावर चढला. त्याचा भाऊ तेथेच मुकादम होता. दोघांनाही प्रमाणपत्रे होती व ती अनुभवाच्या सवलतीने मिळालेली होती.

पाचव्या क्रमांकाची विहीर १९७८ मध्ये खोदलेली असून ती उथळ होती. तिचे पाणी भेगाळलेल्या चुनखडीच्या वरच्या थरांतून येत असे आणि जवळच गुरे असलेले एक शेत होते. मे २००० च्या दुसऱ्या आठवड्यात मुसळधार पाऊस झाला आणि १२ मेच्या सुमारास शेतातील शेणखताचे जंतू झिरपून या विहिरीत उतरले. त्यांत ई. कोलाय जंतूंचा एक घातक प्रकार होता. शेताच्या मालकाने खत रीतसर वापरले होते व त्याचा काही दोष नव्हता, असा निर्वाळा पुढे चौकशीत मिळाला.

येथे क्लोरीनच्या कार्याचे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पाण्यात घातलेले क्लोरीन जंतूंवर तसेच इतर सेंद्रिय घाणीवर खर्च होते. खर्च होऊन जे उरते त्यास अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. ऑन्टॅरिओच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १५ मिनिटांच्या संपर्कानंतर पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे होते. ते उरले तर औषधाने आपले काम पुरे केले असे समजावे. न उरले तर पाण्यात काहीतरी अनिष्ट शिरले आहे असा तो इशारा समजावा. म्हणजे रोजचे हे मापन ही केवळ नोंद नसून विहिरीच्या प्रकृतीची ती नाडीपरीक्षा होय.

वॉकर्टनमध्ये ही नाडी पाहिलीच जात नव्हती. मंडळाचे कर्मचारी क्लोरीन ठरल्यापेक्षा कमी घालीत, अवशिष्ट क्लोरीन बहुतेक दिवशी मोजीत नसत आणि वहीत ०.५ किंवा ०.७५ असा आकडा लिहून मोकळे होत. नमुने सोयीच्या ठिकाणी भरून बाटलीवर दुसऱ्याच ठिकाणाचे नाव घालण्याचीही रीत होती. शिवाय १५ ते १९ मे या काळात सातव्या क्रमांकाची विहीर क्लोरीनच्या यंत्रावाचूनच चालविण्यात आली. १७ मे रोजी प्रयोगशाळेने नमुन्यांत दूषित द्रव्य असल्याचे व्यवस्थापकास कळविले. त्याने ही गोष्ट आरोग्यखात्यापासून लपविली आणि विचारणा झाली तेव्हा पाणी ठीक असल्याचे सांगितले. २० मे रोजी मंडळातीलच एका कर्मचाऱ्याने आपले नाव न सांगता दूरध्वनीवरून मंत्रालयास वाईट निकालांची सूचना दिली. २१ मे रोजी स्थानिक आरोग्याधिकारी डॉ. मरी मॅक्विग यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याचा इशारा प्रसृत केला. तोवर फार उशीर झाला होता. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, २७ जणांना मूत्रपिंडे निकामी करणारी व्याधी जडली आणि ७ जण मृत्यू पावले.

५. चौकशीचे निष्कर्ष

प्रांतिक शासनाने न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांची चौकशीसाठी नियुक्ती केली. त्यांच्या अहवालाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये व दुसरा मे २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अहवालाने दोष केवळ दोन भावांच्या माथी मारला नाही. पाचव्या विहिरीला मंजुरी देताना कोणत्याही अटी घातल्या नव्हत्या. मंत्रालयाने १९९१, १९९५ व १९९८ मध्ये केलेल्या तपासण्यांतून खोट्या नोंदी उघडकीस आल्या नाहीत. १९९६ मध्ये शासकीय प्रयोगशाळांनी नगरपालिकांसाठी नमुने तपासणे बंद केले. आणि खासगी प्रयोगशाळांनी वाईट निकाल आरोग्याधिकाऱ्यास कळविलेच पाहिजेत असे कायदेशीर बंधन मात्र घातले गेले नाही. पाचव्या विहिरीवर अवशिष्ट क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी उपकरणे असती तर साथ टळली असती, असा निष्कर्ष अहवालात आहे. कर्मचाऱ्यांनी रोज हाताने मापन केले असते तरी तिची व्याप्ती पुष्कळ कमी झाली असती, असेही त्यात नमूद आहे.

परिचालकांच्या शिक्षणाविषयी अहवालाने जे दाखविले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. व्यवस्थापकास यंत्रणा यांत्रिक अर्थाने उत्तम चालविता येत असे. पंप, नळ, झडपा यांची त्याला चांगली माहिती होती. परंतु क्लोरीन घालणे व मोजणे हे का आवश्यक आहे, ते न केल्यास आरोग्यास कोणता धोका संभवतो, याची पुरेशी जाणीव त्याला नव्हती. ई. कोलाय म्हणजे काय हेही त्याला नीट ठाऊक नव्हते. गावातील काही लोक क्लोरीनच्या चवीविषयी कुरकुर करीत. आणि विहिरीचे मूळ पाणी शुद्धच आहे अशी दोघा भावांची श्रद्धा असल्याने ते स्वतःही क्लोरीन न घातलेले पाणी पीत असत. गावाला विष पाजावे असा कोणाचाही हेतू नव्हता. हेतू चांगला असून ज्ञान नसेल तर मनुष्य किती निर्धास्तपणे चूक करतो, याचे हे उदाहरण आहे.

याहूनही एक गोष्ट महत्त्वाची आहे. कमी क्लोरीन घालण्याची व खोटे आकडे लिहिण्याची रीत या व्यवस्थापकाच्या कारकिर्दीत सुरू झाली नव्हती. ती त्याच्या आधीपासून मंडळात चालत आली होती. म्हणजे त्याने आपले काम ज्येष्ठांच्या हाताखाली राहूनच शिकले, आणि जे शिकले त्यात ही रीतही होती. अनुभव हा गुरू खरा. परंतु त्या गुरूने चूक शिकविली तर ती दुरुस्त करणारा दुसरा कोणी असावा लागतो. परीक्षा आणि बाहेरचा शिक्षक यांचे प्रयोजन येथेच आहे. सेवेच्या वर्षांवर दिलेल्या प्रमाणपत्राने मात्र हा दुसरा डोळा मिटला. बावीस-पंचवीस वर्षे तीच चूक करणारा मनुष्य शासनाच्या दप्तरी बावीस-पंचवीस वर्षांचा अनुभवी ठरला.

अज्ञानाने अप्रामाणिकपणा धुऊन निघत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. खोटी नोंद खोटी आहे हे कळण्यास वर्गात बसावे लागत नाही, आणि निकाल लपविणे हा तर उघड अपराध होता. नोव्हेंबर २००४ मध्ये दोघा भावांनी गुन्हा कबूल केला. त्यांपैकी व्यवस्थापकास एक वर्षाची कैद व मुकादमास नऊ महिन्यांची गृहकैद झाली. तथापि या अप्रामाणिकपणाला बळ मिळाले ते अज्ञानाचेच होते. जो आकडा आपल्या दृष्टीने निरर्थक आहे तो खोटा लिहिताना मनुष्यास फारसे वाटत नाही. त्या आकड्यामागे लोकांचे प्राण आहेत हे ज्याला उमगले आहे त्याचा हात तेथे अडखळतो.

६. शिफारशी आणि नवी व्यवस्था

या निदानास अनुसरून ओकॉनर यांनी शिफारशी केल्या. सवलतीने प्रमाणपत्र मिळालेल्या परिचालकांसह सर्वांनी दोन वर्षांच्या आत परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि ठरावीक काळाने त्याचे पुनःप्रमाणन व्हावे, ही पहिली. 'प्रशिक्षण' या शब्दाची नियमात स्पष्ट व्याख्या करावी, ही दुसरी. अभ्यासक्रमात तांत्रिक भागाबरोबरच पाण्यावर योग्य प्रक्रिया न केल्यास उद्भवणारे आरोग्याचे गंभीर धोके, असे धोके दिसताच मदत मागण्याची आवश्यकता आणि प्रत्येक नियमामागील कारण यांवर भर द्यावा, ही तिसरी. या तिसऱ्या शिफारशीत साऱ्या प्रकरणाचे सार आहे. 'काय करावे' हे तर वॉकर्टनमध्येही ठाऊक होते. 'का करावे' हे कोणी शिकविले नव्हते.

२००२ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा संमत झाला आणि २००४ मध्ये परिचालकांच्या प्रमाणपत्राविषयी नवे नियम आले. पिण्याच्या पाण्याच्या परिचालकांसाठी एक व सांडपाण्याच्या परिचालकांसाठी दुसरा, असे ते स्वतंत्र नियम आहेत. नव्या मनुष्यास आरंभी 'शिकाऊ परिचालक' म्हणून परीक्षा द्यावी लागते; प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि पुढील परीक्षा यांनंतर तो पहिल्या श्रेणीत येतो व तेथून चौथ्या श्रेणीपर्यंत चढू शकतो. पेयजलाच्या परिचालकाचे प्रमाणपत्र तीन वर्षांचे असून नूतनीकरणासाठी ठरावीक तासांचे प्रशिक्षण पुरे करावे लागते. अनुभवाला येथे स्थान आहे. परंतु तो परीक्षेच्या जागी नसून परीक्षेच्या जोडीला आहे.

याच वर्षी वॉकर्टन येथेच प्रांताने स्वच्छ जल केंद्र नावाची प्रशिक्षण संस्था स्थापन केली. लहान, जुन्या व दूरच्या केंद्रांतील परिचालकांकडे विशेष लक्ष देणे हे तिचे एक उद्दिष्ट आहे. प्रत्यक्ष पंप, गाळण्या व मापन उपकरणे हाताळून तेथे शिकता येते आणि प्रांताच्या निरनिराळ्या भागांतही वर्ग भरविले जातात. ज्या गावाच्या नावाशी हा अनर्थ जोडला गेला तेथेच परिचालकांनी शिकावयास यावे, ही योजना उचित वाटते.

शिक्षणाची ही कल्पना पुढे परिचालकाच्याही पलीकडे गेली. वॉकर्टनच्या मंडळाचे सदस्य व्यवस्थापकावर विसंबून राहिले होते. त्याच्या कामाची परीक्षा करण्याइतके ज्ञान त्यांच्याकडे नव्हते. ३१ डिसेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या तरतुदीने पाणीपुरवठ्यावर देखरेख करणाऱ्या नगरसदस्यांवरही योग्य दक्षतेची कायदेशीर जबाबदारी टाकली.

७. उपसंहार

ऑन्टॅरिओच्या बाहेरही हा धडा लागू पडतो, हे लवकरच दिसून आले. २००१ च्या वसंत ऋतूत सस्कॅचवान प्रांतातील नॉर्थ बॅटलफोर्ड नगरात पाण्यातून पसरलेल्या जंतूंनी हजारो लोक आजारी पडले. तेथे नगराचे सांडपाणी नदीत सोडण्याची जागा पिण्याचे पाणी घेण्याच्या जागेपासून ३.५ किलोमीटर वरच्या अंगास होती. आणि शुद्धिकेंद्रातील गाळ बसविण्याची टाकी दुरुस्तीनंतर कित्येक दिवस नीट काम करीत नव्हती. सांडपाण्याच्या परिचालकाची हयगय खालच्या अंगास पिण्याच्या पाण्यात उतरते, हे येथे स्पष्ट झाले. दोन्ही कामांना सारख्याच दर्जाचे शिक्षण हवे, याला यापेक्षा निराळा आधार शोधण्याची आवश्यकता नाही.

आणखी एक अडचण शिल्लक राहते. शिक्षण सक्तीचे केले तरी ते परिचालकापर्यंत पोहोचले पाहिजे. २००५ मध्ये ऑन्टॅरिओच्या उत्तर भागातील कशेचेवान या आदिवासी वस्तीत पाणी दूषित झाले आणि शेकडो रहिवाशांना अन्यत्र हलवावे लागले. अशा वस्त्यांतून एकटा परिचालक वर्गासाठी निघून गेला तर केंद्र कोणी पाहावे, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून कॅनडात फिरत्या प्रशिक्षकांची योजना चालविली जाते. प्रशिक्षक स्वतः वस्तीत जातो आणि परिचालकाच्याच यंत्रावर त्याला शिकवितो. विद्यार्थ्याने शाळेत यावे या नेहमीच्या रीतीपेक्षा शाळेनेच विद्यार्थ्याकडे जावे, ही रीत या व्यवसायास अधिक अनुरूप दिसते.

या सर्व इतिहासावरून काढण्याजोगा निष्कर्ष मर्यादित पण निश्चित आहे. प्रमाणपत्र हे शिक्षणाचे चिन्ह आहे; ते शिक्षणावाचून दिले तर लोकांच्या मनात खोटा विश्वास निर्माण करते आणि त्या अर्थी ते नसण्यापेक्षाही घातक ठरते. जुन्या कर्मचाऱ्याचा मान राखावयाचा असेल तर त्याला परीक्षेतून वगळणे हा मार्ग नव्हे. परीक्षेपर्यंत पोहोचण्यास त्याला वेळ, वेतन आणि शिक्षक देणे हाच खरा मान होय. वहीत लिहिलेला ०.५ हा आकडा खरा आहे की खोटा, हे तपासावयास रोज कोणी येत नाही. तो खरा राहावा यासाठी त्याचा अर्थ, तो लिहिणाऱ्यास प्रथम समजलेला असला पाहिजे.